आडव्या रेघा

माझी थोरली बहीण जमिनीखाली काय आहे ते सांगते. हा तिचा पोटापाण्याचा उद्योग आहे, आणि तिला त्यात काही गूढ वाटत नाही. तिच्याकडे चार चाकांची एक गाडी आहे. गाडीच्या पोटाशी चपटी नारिंगी पेटी, दांड्यावर वहीएवढा पडदा. पेटी जमिनीत लहरी सोडते. माती जिथे बदलते तिथून थोड्या लहरी परत येतात आणि पडद्यावर राखाडी रेषा उमटतात. ताई गाडी ढकलत सरळ चालते, टोकाला पोचली की वळते, एक मीटर सरकते आणि परत सरळ चालते. दिवसभर.

लांबून ती बाळाला फिरवायला निघालेल्या बाईसारखी दिसते. रस्त्याचं काम असलं की खिडक्यांतून हमखास विचारणा व्हायची, "बाळ झोपलं का हो?"

"झोपलंय," ताई मान वर न करता सांगायची. "दीड मीटर खाली. आवाज करू नका."

ते बाळ म्हणजे पाण्याची मुख्य वाहिनी असायची, किंवा विजेची जाड केबल. नगरपालिकेसाठी तिनं एकोणीस वर्षं नळ, केबली, गटारं आणि विसरलेल्या टाक्या शोधल्या. ती रस्त्यावर पिवळ्या रंगानं खुणा करायची आणि खाली सही केलेला एक कागद द्यायची. खोदणाऱ्या मशीनवरची माणसं कुणाच्या बापाला भीत नाहीत, पण तो कागद आल्याशिवाय बकेट खाली टेकवत नसत. एकदा एका नव्या अधिकाऱ्यानं घाई केली तेव्हा मशीनवाल्यानं इंजिन बंद करून डबा उघडला होता. "बाईंची सही येऊ द्या, साहेब. तोवर मी जेवतो." ताईला ही गोष्ट कुणी सांगितली की ती विषय बदलायची, पण कान लाल व्हायचे. त्या सहीवर ती उभी होती. एकोणीस वर्षांत एकही कागद तिला परत घ्यावा लागला नव्हता.

मग एका जुन्या दफनभूमीच्या वाढीव जागेचं काम आलं. दगड नसलेल्या, कुणाच्याच नोंदीत नसलेल्या कबरी शोधायच्या होत्या. त्या तिनं शोधल्या आणि तेव्हापासून लोक तिला रणांगणांवर बोलवू लागले.

सगळ्यांचा एकच गैरसमज असतो. त्यांना वाटतं पडद्यावर सांगाडा दिसत असेल, डॉक्टरांच्या फिल्मवर दिसतो तसा. काहीही दिसत नाही. हाड मातीत इतकं मुरलेलं असतं की लहरींना ते कळतच नाही. दिसतो तो फक्त खड्डा. जमीन हजारो वर्षांत थरावर थर बसून तयार होते, आणि कुणीतरी एका दुपारी फावड्यानं ते थर तोडून परत आत ढकलतो. पुन्हा ते पहिल्यासारखे बसत नाहीत. लोक म्हणतात, जमिनीला आठवण असते. ताईला हे वाक्य आवडत नाही. "तिला काही आठवत नाही," ती म्हणते. "उकरलेलं तिला नीट लावता येत नाही, एवढंच."

मला वाटतं, मेलेल्यांबद्दल याहून खरं मी काही ऐकलेलं नाही. पण तिला तसं सांगायची सोय नाही. ती म्हणेल, तू गप बस आणि टेपचं टोक धर.

तिच्याबरोबर टेप धरायला एक उंच, किडकिडीत सहकारी असतो. निवृत्तीला आला आहे. खुंट्या ठोकायचं काम त्याचं, म्हणून त्याला सगळे खुंटीच म्हणतात. दोघं कामात फारसं बोलत नाहीत. घरी मात्र बोलणारं माणूस आहे. आमचे भावोजी शिंपी आहेत. दिवसभर मान खाली आणि तोंड सुरू. "हिच्याबरोबर फिरायला जाणं म्हणजे सरकारी मोजणी," ते पाहुण्यांना सांगतात. "बागेत गेलो तर बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग एक पाऊल बाजूला, आणि परत."

मी सांगतोय ती गोष्ट मागच्या वर्षीची.

एका गावाबाहेरून नवा रस्ता जायचा होता. त्याच्या आखणीत एक नांगरलेलं शेत येत होतं, आणि त्या शेतावर एकशे साठ वर्षांपूर्वी लढाई झाली होती. दोन्ही बाजूंचे मिळून दोनशे अकरा जण हजेरीपटावरून नाहीसे झाले होते. त्यांना कुठे पुरलं हे कुणाला ठाऊक नव्हतं. गावातल्या एका निवृत्त मास्तरांना मात्र खात्री होती. त्यांच्याकडे जखमींना वाहून नेणाऱ्या एका माणसानं बायकोला लिहिलेल्या पत्राची नक्कल होती. त्यात एक ओळ होती, "आम्ही त्यांना कुंपणाच्या कडेनं ठेवलं, सगळ्यांना, आपले आणि त्यांचे." मास्तरांनी त्या ओळीपायी तीस वर्षं घालवली. कुंपण कधीच गेलं होतं. ते कुठे असेल हे ते जुन्या नकाशांवर शोधत बसायचे. गाव त्यांना पाठीमागे मढेमास्तर म्हणायचं, आणि काही लोक तोंडावरही.

त्यांच्या अर्जांना कंटाळून रस्ता खात्यानं शेवटी तपासणी मान्य केली. ताईला चार दिवस मिळाले. जमीन नव्वद मीटर लांब, वीस मीटर रुंद. पहिले दोन दिवस शेतमालकानं फाटकच उघडलं नाही, कारण त्याला पत्र पोचलं नव्हतं. उरले दोन.

अशा कामाचा एक साधा नियम आहे. रेघा दोन्ही दिशांनी ओढायच्या, आधी उभ्या, मग आडव्या, जाळी विणल्यासारख्या. पण शेत नांगरलेलं होतं. तासांच्या, म्हणजे नांगराच्या सरींच्या, दिशेनं गाडी बरी चालत होती. तास ओलांडून आडवी न्यायची तर चाकं उडत होती आणि पडद्यावर नुसता गोंधळ उमटत होता. रस्ता खात्याचे साहेब बांधावर उभे होते.

"एका दिशेनं पुरे नाही का?" साहेबांनी विचारलं. "सोमवारी मशीन लागतंय."

ताईनं खुंटीकडे पाहिलं. खुंटीनं आभाळाकडे पाहिलं.

"पुरे," ताई म्हणाली.

हा शब्द तिचा होता. पुढे कुणी साहेबांना दोष द्यायला लागलं की ती मध्येच थांबवायची. "त्यांनी विचारलं होतं. उत्तर मी दिलं."

एकवीस उभ्या रेघा झाल्या. एकोणीस रेघांत काही नव्हतं. उरलेल्या दोन शेजारशेजारच्या रेघांत, साधारण सव्वा मीटर खाली, एक सपाट तळ दिसत होता, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. त्याला सुरुवात नव्हती, शेवट नव्हता. कबर म्हणजे खड्डा आणि खड्ड्याला कडा असतात. इथे कडाच नव्हती. ताईनं कागदावर लिहिलं, "जुना पाण्याचा पाट, बुजवलेला. दफनाचे चिन्ह नाही." खाली सही.

शुक्रवारी तिनं मास्तरांच्या घरी जाऊन त्यांना स्वतः सांगितलं. पत्रातून कळू नये म्हणून. त्यांची खोली नकाशांनी इतकी भरलेली होती की त्यांना तिच्यासाठी खुर्ची रिकामी करायला वेळ लागला.

"पाट," मास्तर म्हणाले.

"हो."

"आणि बाकी काही नाही."

"नाही, मास्तर."

ते बराच वेळ हातातल्या नकाशाची घडी घालत राहिले. जुनी घडी सापडत नव्हती. मग म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे नसेलच. तुमच्याबद्दल ऐकलंय मी."

ताई मला म्हणाली की त्या वाक्यानं तिला बरं वाटलं. नंतर, म्हणजे रविवारी, तेच वाक्य तिला टोचायला लागलं.

रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कामाची फाईल लावत होती. अहवालाला जोडलेली चित्रं साफ केलेली असतात. चाक ढेकळावर उडालं, गाडी जरा डगमगली, असे धक्के काढून टाकून रेषा गुळगुळीत करतात. पण ताई स्वतःच्या फाईलला कच्ची चित्रंही लावते, मशीनमधून निघाली तशी. भावोजींना त्याच टेबलावर एका कोटाचं अस्तर कापायचं होतं.

"सरकव तुझी ती भुतावळ," असं म्हणून त्यांनीच एक लांबलचक कागद उचलला आणि पाहिला. शिंप्याची सवय. हातात काही पट्टीसारखं आलं की ते डोळ्यांसमोर आडवं धरून पाहतात. "कुणी शिवलंय हे?"

"शिवलंय कसलं! तळ आहे तो पाटाचा."

"ही एका हाताची शिवण नाही." त्यांनी नख लावलं. "इथवर एक माणूस. इथून दुसरा, तो जरा खोल गेलाय. इथे तिसरा. प्रत्येकाच्या हाताला आपला आपला भार असतो. आणि जोड बघ, सारख्या अंतरावर."

"चाक उडालंय तिथे. मी साफ करताना काढलंय ते."

"तू काढलंस. बरं." ते कात्री शोधायला गेले.

ताईनं तो कागद स्वतःकडे ओढला. तळाला पायऱ्या होत्या, चार चार बोटांच्या, दर सहा मीटरवर. तिनं त्या धक्के समजून स्वतःच्या हातानं पुसल्या होत्या. तिनं भिंग घेतलं. चाक उडालं असतं तर वरपासून खालपर्यंत सगळं चित्र हललं असतं. वरच्या रेषा सलग होत्या. फक्त तळ तुटत होता.

पाणी पायऱ्या खोदत नाही. माणसं खोदतात, टोळ्या करून, प्रत्येक टोळीला सहा मीटर नेमून दिलेले. हा पाट नव्हता. हा चर होता, नव्वद मीटरपेक्षा लांब, शेताच्या दोन्ही हद्दींच्या बाहेर गेलेला, आणि तासांच्या नेमका समांतर. त्या दोन रेघांत ती चराच्या आतूनच, त्याच्या लांबीनं चालली होती. कडा दिसणार कशी? कडा डाव्या-उजव्या हाताला होत्या. एक जरी रेघ आडवी गेली असती तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

"काय झालं?" भावोजींनी विचारलं.

"मी त्यांच्यावरून चालले," ती म्हणाली. "टोकापासून टोकापर्यंत. आणि खाली सही केली."

भावोजींनी त्या दिवशी पुढे विनोद केला नाही. हे त्यांनीच मला सांगितलं, मोठं काम केल्यासारखं.

तिनं साहेबांना फोन लावला.

"उद्या सकाळी मशीन लागतंय, बाई," साहेब म्हणाले. "कागदावर तुमची सही आहे."

"म्हणूनच फोन केला."

"तुम्हाला खात्री आहे? शंभर टक्के?"

"नाही. आडव्या रेघा ओढल्या की होईल."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं, "मग ऐका. उद्या सगळ्यांसमोर तुम्ही म्हणणार की कागद चुकला. तिथे काही निघालं नाही तर शुक्रवारची तुम्ही खोटी आणि सोमवारचीही. आमच्या कुठल्याच कामावर तुमची सही नंतर चालणार नाही. आज गप्प राहिलात तर कुणाला काही कळणारही नाही."

"मला कळलंय," ताई म्हणाली. "आणि सकाळी सातला येते. मशीनला शेतात शिरू देऊ नका."

त्या संध्याकाळी तिनं मला फोन केला, तेव्हा आवाज नेहमीचाच होता. पण तिनं विचारलं, "एखादं माणूस एकदा चुकलं तर लोक त्याचं आधीचं सगळं पुन्हा तपासायला लागतात, नाही का?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. ती म्हणाली, "तपासू देत. ते बरोबर आहे."

सोमवारी सकाळी शेताच्या फाटकाशी खात्याची तीन माणसं, मशीन, मशीनवाला, आणि बातमी कशी कोण जाणे लागलेले दहा-बारा गावकरी होते. मास्तर सर्वांच्या मागे. ताई माझ्या मोटारीतून उतरली आणि आधी त्यांच्याकडे गेली.

"मास्तर, मी शुक्रवारी तुम्हाला चुकीचं सांगितलं. खाली पाट नाही, असं मला आता वाटतंय. आज बघते."

गावकऱ्यांतला एक जण हसला. "मढेमास्तर, बाई तुमच्यासारख्याच निघाल्या की!"

"हो," ताई त्याला म्हणाली. "पण माझ्याकडे गाडी आहे. जरा बाजूला व्हा, तुम्ही रेघेत उभे आहात."

तास ओलांडून गाडी चालवायची तर वाट सपाट हवी. खुंटीनं एक जाड फळी आणली होती. तो आणि ताई ती फळी मातीवर दाबत ओढायला लागले. अर्ध्या वाटेत मशीनवाला खाली उतरला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं खुंटीच्या हातातून फळीचं एक टोक घेतलं.

"तुमचं मशीन?" साहेब ओरडले.

"ते कुठे पळतंय?" मशीनवाला म्हणाला.

वीस मीटरची पहिली आडवी वाट तयार झाली. ताईनं गाडी लावली. ती कशी चालते हे एकदा पाहायला हवं. मान ताठ, खांदे सैल, पाऊल ना लहान ना मोठं. पडद्यावर थर सरकत होते, एकावर एक, शांत, दहा मीटरपर्यंत. अकराव्या मीटरला ते तुटले. चाकूनं कापल्यासारखे, उभे. दोन मीटरपर्यंत नुसता कालवलेला काळोख. तेराव्या मीटरला दुसरी कड, तशीच उभी, आणि पलीकडे थर पुन्हा सुरू, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

ती थांबली नाही. रेघ संपेपर्यंत थांबायचं नसतं. टोकाला पोचल्यावर तिनं ब्रेक लावला आणि खुंटीला हाक मारली. खुंटीनं पडदा पाहिला आणि टोपी काढली.

"पाटही असू शकतो अजून," साहेब हळूच म्हणाले. त्यांना ते म्हणणं भागच होतं.

"पाण्यानं कड झिजते, उतरती होते. ही फावड्याची आहे," ताई म्हणाली. "आणखी चार ओढते. मग तुम्ही ठरवा."

पाच रेघा झाल्या. पाचही ठिकाणी अकरा ते तेरा. साहेबांनी खिशातून फोन काढला आणि वरच्या ऑफिसला काम थांबवल्याचं कळवलं. "कारण?" पलीकडून विचारलं असावं, कारण साहेब ताईकडे पाहून म्हणाले, "कारण आमच्या तपासनीस बाईंचं तसं म्हणणं आहे."

उत्खननवाले बुधवारी आले. दोन मीटर बाय एक मीटरचा खड्डा घेतला, खरवडून खरवडून, ब्रशनं. दुसऱ्या दिवशी दुपारी तळाजवळ आधी गंजलेले खिळे लागले, घोड्याच्या नालेच्या आकारात बसलेले. बुटाची टाच. मग तशीच दुसरी. मग शेजारी आणखी एक जोडी, आणि तिच्या शेजारी आणखी एक. चवडे वर. नीट, एका ओळीत ठेवलेले. त्या टोळ्यांनी खोदताना घाई केली असेल, ठेवताना केली नव्हती.

मास्तर खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर बसले होते. सोमवारी हसलेला माणूस तिथेच होता. त्यानं मास्तरांना उठायला हात दिला आणि म्हणाला, "सावकाश, मास्तर." त्याच्या तोंडून नुसतं मास्तर मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

रस्ता आता त्या शेताला वळसा घालून जाणार आहे. चराची दोन्ही टोकं शोधायचं काम ताईला मिळालं, शेजारच्या शेतांतून. पण त्याआधी कागदाचा प्रश्न आला.

खात्याच्या ऑफिसात, पंख्याखाली उडणारे कागद पेपरवेटनं दाबत, साहेबांनी तिला एक मसुदा दाखवला. त्यात लिहिलं होतं, "प्राथमिक अहवालास पूरक माहिती." ते तिच्या भल्यासाठीच होतं. त्यात चूक हा शब्द कुठेच नव्हता.

"हे मी लिहिलेलं नाही," ताई म्हणाली.

"अहो, तुमचंच नाव राहतंय यात. सापडलं ना शेवटी? लोक तुमचं कौतुक करतायत. कशाला उगाच?"

"पुढे कुणीतरी हे वाचेल. नांगरलेलं शेत असेल, दोन दिवस असतील, आणि बांधावर कुणीतरी उभं असेल. त्याला कळायला हवं मी काय केलं ते."

तिनं टेबलावरचा कोरा कागद ओढला. मी तिला आणायला गेलो होतो, दारातच उभा होतो. तिचं अक्षर मोठं आहे, शाळेतल्या मुलीसारखं, आणि उलटंही वाचता येतं. पहिली ओळ अशी होती, "माझा शुक्रवारचा अहवाल चुकीचा आहे." मग कारणं, क्रमानं. रेघा एकाच दिशेनं ओढल्या. त्यास मी संमती दिली. तळातल्या पायऱ्या धक्के समजून पुसल्या. मग आडव्या रेघांची चित्रं. मग सही, पहिल्या कागदावर होती तशीच, तेवढीच मोठी.

साहेबांनी तो वाचला आणि फाईलमधून जुना अहवाल काढायला हात घातला.

"तो राहू दे," ताई म्हणाली. "काढू नका. दोन्ही लावा."

साहेबांनी दोन्ही कागद एकत्र जुळवले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि टाचणी लावली.